आबांचं आळणी

ऋताला खायला काय चालतं, असं कुणी विचारलं की राजाभाऊ जगदाळे म्हणायचे, "पाणी. तेही उकळून." विचारणारा हसायचा. राजाभाऊ हसायचे नाहीत, कारण गोष्ट जवळजवळ तेवढ्यावरच आली होती.

ऋता त्यांची सून. कराडची मुलगी, गणितात एम.एस्सी. झालेली, चंदीगडच्या सेक्टर ३४ मधल्या एका कोचिंग क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवायची. लग्न होऊन इकडं आली तेव्हा चांगली अंगापिंडानं भरलेली होती. मग पोट बिघडलं ते बिघडतच गेलं. वर्षभर कुणी म्हणे इथलं पाणी, कुणी म्हणे टेन्शन. शेवटी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, सिलिअ‍ॅक आहे, गहू आयुष्यभर बंद. गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी आतडं आतून सोलवटतं, असा तो आजार. पंजाबच्या उंबरठ्यावर राहायचं आणि गव्हाशी उभं वैर घ्यायचं, म्हणजे पाण्यात राहून कोरडं राहण्याचीच गत. बरं, एकट्या गव्हावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण आतडं इतकं खराब झालेलं, की दूध पचेना, डाळी पचेनात, अंडं चालेना, कांदा-लसणानं रात्रभर कळा यायच्या. उरला भात, दुधी, गाजर आणि बोकडाचं मटण. डॉक्टर म्हणाले, हाडांचं पातळ सूप करून द्या, अंगाला लागेल.

सूप म्हणायला सोपं. कुणालनं, म्हणजे राजाभाऊंच्या मुलानं, बाजारातून सूपच्या वड्या आणल्या. मागच्या बारीक अक्षरांत गहू निघाला. दुसऱ्या कंपनीच्या आणल्या, त्यात गहू नव्हता, पण जिथं गव्हाचं सगळं बनतं त्याच कारखान्यात त्या बनल्या होत्या. हॉटेलातल्या सूपमध्ये मैदा. हळदीच्या पुडीत काय असेल ते देव जाणे. ऋता सेक्टर २२ च्या दुकानांतून मोबाइलचा दिवा पेटवून पाकिटांच्या पाठी वाचत हिंडायची आणि दुकानदार तिच्याकडे अन्नभेसळवाल्यांची बाई आल्यासारखे बघायचे. एकदा घरी सुटं जिरं ताटात पसरून निवडायला बसली, तर त्यात गव्हाचा अख्खा दाणा सापडला. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. दाणा तळहातावर घेऊन रडली.

तेव्हा राजाभाऊंनी सूत्रं हातात घेतली. राजाभाऊ फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, मूळचे कोरेगावकडचे. शेवटची बदली इकडं झाली, कुणालची शाळा इथं, बायको इथंच वारली, मग गावी परत जायचं राहून गेलं. मुलगा-सून सेक्टर २२ मध्ये भाड्यानं राहायचे आणि हे शहराच्या कडेला मनीमाजऱ्यात दोन खोल्या घेऊन एकटे. एकटं राहणाऱ्या माणसाला स्वयंपाक येतोच, पण राजाभाऊंना मटण येत होतं. साताऱ्याकडं मटण शिजवताना तिखट-मसाला पडायच्या आधी हळद-मिठाचं जे पाणी काढून घेतात, त्याला आळणी म्हणतात. बाळंतिणीला, लहान पोराला, तापातून उठलेल्या माणसाला पहिली वाटी आळणीची.

"ते सूपबिप ऱ्हाऊ दे," राजाभाऊ ऋताला म्हणाले. "मी तुला आळणी करून देतो. आमच्या आईनं मेलेली माणसं उठवलीत त्याच्यावर."

"आबा, पण सगळं वेगळं लागेल हां. पातेलं, पळी, चाळणी, सगळं."

"पोरी, मी दारूगोळ्याचं कोठार सांभाळलंय."

आणि खरोखर त्यांनी तसंच सांभाळलं. नवं कोरं पातेलं, नवी पळी, नवा स्टीलचा डबा. हळकुंडं गावाकडून मागवून घरीच कुटली. मीठ खड्याचं, धुऊन वाळवलेलं. आलं जमिनीतून निघालेलं, त्यात कोण काय घालणार? स्वतःच्या पोळ्यांची कणीक वरच्या फळीवर, घट्ट झाकणात. आळणी शिजत असेल त्या वेळी तवा चढवायचा नाही, हा नियम. सकाळी स्कूटरवर डबा बांधून ते सेक्टर २२ गाठायचे आणि ऋता क्लासला निघायच्या आत तिच्या हातात गरम वाटी ठेवायचे.

ती वाटी तोंडाला लावायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "आबा, आज आलं जरा जास्त झालंय." म्हणजे आवडलं. या घरात राजाभाऊंशी मराठीत बोलणारी ती एकटीच. कुणाल बापाचं सगळं समजायचा, पण उत्तर हिंदीत द्यायचा. त्यामुळे त्या पंधरा मिनिटांच्या गप्पा म्हणजे राजाभाऊंची दिवसभराची पुंजी होती. पावसाळाभर ऋता सुधारली. वजन वाढलं, जिन्यात धाप लागेना. डॉक्टरांनी विचारलं, काय देता? तर कुणालनं पापाजींच्या सूपचं सांगितलं आणि राजाभाऊंची मान ताठ झाली. त्यानंतर ते मनीमाजऱ्याच्या बागेत भेटेल त्याला आळणीची महती सांगू लागले. थोडक्यात, माणूस फुगला.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि मनीमाजऱ्याच्या मटणवाल्याकडं बोकडाचे पाय टांगलेले दिसायला लागले. इकडं त्यांना खरोडे म्हणतात. थंडीत त्यांचं सूप गल्लोगल्ली विकलं जातं. राजाभाऊंच्या मनात आलं, नुसत्या हाडांपेक्षा पायांचं आळणी म्हणजे सोनं. ऋताच्या अंगात अजून ताकद यायला हवी, तर पायच हवेत. त्या दिवसापासून त्यांनी पायांचं आळणी सुरू केलं.

आणि डिसेंबरात ऋता घसरली. आधी पोट फुगायला लागलं, मग जुलाब, मग गळून जाणं. राजाभाऊंनी काय करावं? डबा मोठा केला. एक वाटी जायची तिथं दोन द्यायला लागले. ती "नको आबा, भरलं पोट" म्हणायची आणि हे "माझ्यासाठी घे" म्हणायचे. ती घ्यायची.

रक्ततपासणीत आजाराचा आकडा चढला होता. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गहू कुठून तरी पोटात जातोय. शोधा. नाही सापडला आणि आतडं असंच राहिलं, तर जालीम गोळ्या सुरू कराव्या लागतील. त्यांनी हाडं ठिसूळ होतात, पुढं मूलबाळ होऊ द्यायलाही अडचण येते. कुणालनं घर पालथं घातलं. टूथपेस्ट बदलली, भांडी घासायचं बदललं, तांदूळ बदलला. आबांच्या डब्याकडं कुणी बोट दाखवलं नाही. दाखवायचा प्रश्नच नव्हता, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की आबा डोळ्यांत तेल घालून करतात.

मग एका संध्याकाळी राजाभाऊ सेक्टर २२ च्या बाजारातून स्कूटर काढत होते, तर समोरच्या बेकरीतून ऋता बाहेर आली. हातात पुठ्ठ्याचा खोका, वर सुतळी. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि खोका ओढणीखाली धरून रिक्षात बसली.  असा खोका आणि अशी लपवाछपवी. मी इथं पहाटे उठून पाय शिजवतोय आणि ही बया केक खातेय. त्यांना राग आला, त्यांना वाईट वाटलं आणि, खरं सांगायचं तर, त्यांना जरा हलकंही वाटलं. म्हणजे आपल्या आळणीचा गुण येत नव्हता असं नाही.

घरी जाऊन तिलाच विचारायला काय हरकत होती? पण राजाभाऊंनी विचारलं नाही. त्यांनी कुणालला फोन लावला.

रात्री काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. कुणाल ओरडला, ऋता म्हणाली की क्लासमधल्या कश्मिरा मॅडम नोकरी सोडून चालल्या होत्या, त्यांच्यासाठी सगळ्यांनी मिळून केक मागवला होता, आणायचं काम तिच्याकडं आलं. ओढणीखाली धरला कारण भुरभुर पाऊस होता. पाऊस होता का? राजाभाऊंना आठवेना. सकाळी डबा घेऊन गेले तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"आबा, तुम्ही तरी मला विचारायचं."

यावर राजाभाऊ जे बोलले ते त्यांना नंतर कितीही झटकलं तरी सोडेना. ते म्हणाले, "तुला विचारून काय व्हायचंय? पोट खोटं बोलत नाही गं."

 तिनं वाटी पुढं केली. रागावली असती, डबा परत केला असता तर बरं झालं असतं. पण आबांच्या आळणीवर तिचा विश्वास होता, आणि ते ती शेवटच्या थेंबापर्यंत प्याली.

कुणाल त्या दिवसापासून तिला क्लासला सोडायला आणि आणायला जाऊ लागला. बाजारहाट तो करू लागला. ऋता दमून घरी आली की न विचारताच पर्स टेबलावर उघडी ठेवायची. त्यानं पाहावी म्हणून. राजाभाऊंनी हे एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि ते खिडकीकडं वळून उभे राहिले.

जानेवारीच्या अखेरीस एका दुपारी तिचा फोन आला. राजाभाऊ तेव्हा मागच्या मोरीपाशी पाटावर बसून दुसऱ्या दिवसाचे पाय साफ करत होते.

"आबा, कुणाल म्हणतोय, थोडे दिवस कराडला जाऊन राहा. आईला तुमचं पायांचं आळणी कसं करायचं ते सांगायचंय. अगदी पहिल्यापासून सांगा, ती काही सोडणार नाही."

न विचारताही राजाभाऊ या विषयावर भाषण द्यायचे. त्यांनी फोन खांद्याला दाबला आणि हातातलं काम चालू ठेवून सांगायला लागले. "पाय भाजून घ्यायचे दुकानातनंच. काळे होतात चांगले. घरी आणून सुरीनं खरवडायचे. मग ती काजळी आणि वास जायला..."

त्यांचा उजवा हात समोरच्या परातीत होता. परातीत मूठभर कणीक होती.

साताऱ्याकडं पाय आणि मुंडी अशीच साफ करतात. कणीक आणि मीठ घेऊन खसाखसा चोळायचं, काजळी सुटते, केस सुटतात, वास जातो, मग गरम पाण्यानं धुऊन टाकायचं. आईनं तसं केलं, राजाभाऊंनी तसं केलं. ते काही जिन्नस नव्हतं. ते धुणं होतं. साबणाचा जिन्नस म्हणून कोण हिशेब धरतो? वरच्या फळीवरचा घट्ट झाकणाचा डबा रोज खाली उतरत होता, त्यातली मूठ रोज पायांना लागत होती, आणि राजाभाऊ दारूगोळ्याच्या कोठाराचे सुभेदार, त्यांना तो दिसत नव्हता. मोठ्यानं सांगायला लागले तेव्हा दिसला.

"मग काय, आबा?" फोनमधून ऋता म्हणाली. "वास जायला काय करायचं?"

 एक शब्द होता. तो सांगितला असता तर गोष्ट तिथंच संपली असती.

"धुवायचे," ते म्हणाले. "गरम पाण्यानं. चांगले दोन-तीनदा."

"एवढंच?"

"एवढंच."

फोन ठेवल्यावर ते तसेच बसून राहिले. मग एक पाय उचलून नळाखाली धरला. धुतला, परत धुतला, उन्हात नेऊन खुराच्या फटीत नखानं खरवडलं. नखाला पांढरा ओला चिकटा आला. एवढ्याशानं काय होतंय, असं ते स्वतःशी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना ऋताच्या तळहातावरचा तो गव्हाचा दाणा आठवला. पाय त्यांनी गल्लीतल्या कुत्र्यांना टाकले. पातेलं, पळी, डबा सगळं काढून टाकलं आणि नवीन आणलं. दुकानदारानं विचारलं, लग्नकार्य आहे का? त्यांनी पैसे मोजून दिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऋताला नुसत्या मटणाच्या हाडांचं आळणी नेलं. सांगायचं ठरवूनच गेले होते. स्कूटरवर वाक्य जुळवलं होतं, जिन्यात परत म्हणून पाहिलं होतं. दार कुणालनं उघडलं आणि वाक्य जिन्यातच राहिलं. उद्या सांगू, म्हणाले. उद्या ऋताला बरं वाटत नव्हतं. परवा ती घाईत होती. माणसाला सांगायचं नसलं की दिवसच सापडत नाही.

भीती कशाची होती? लाज होती, दुसरं काय. बागेतल्या लोकांसमोर मारलेल्या बढायांची लाज. सुनेवर चहाडी केल्याची लाज. आणि सगळ्यात खाली ही भीती, की कळल्यावर ती वाटी पुढं करणार नाही आणि ती सकाळची पंधरा मिनिटं जातील. म्हणून राजाभाऊंनी स्वतःची समजूत घातली. कणीक थांबवलीय ना आपण? ती बरी झाली म्हणजे झालं. कोण बरोबर कोण चूक याला काय करायचंय.

आणि ती बरी व्हायला लागली. कराडला जायचं रद्द झालं. भूक लागायला लागली, जुलाब थांबले, रविवारी तिनं दुधीचे काप तळले आणि दोन वेळा वाढून घेतले. राजाभाऊंनी देवाचे आभार मानले असते, पण कुणाल बोलला.

"देखा पापा? जब से मैं लाने-छोड़ने लगा, तब से ठीक है," तो ऋतासमोरच, अगदी खुशीत म्हणाला. "बाहर का बंद हुआ, सब ठीक हो गया. आपने उस दिन बता दिया, अच्छा किया."

राजाभाऊंच्या तोंडातला घास तसाच राहिला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती आजारी होती तोवर निदान संशय होता. आता ती जसजशी बरी होत होती तसतसा तिच्यावरचा आळ पक्का होत होता. तिचं प्रत्येक वाढलेलं किलो तिच्याविरुद्ध साक्ष देत होतं, आणि ती साक्ष राजाभाऊंनी डब्यात भरून रोज घरपोच आणली होती. त्यांनी ऋताकडं पाहिलं नाही. फोनच्या त्या दुपारपासून ते तिच्याकडं पाहतच नव्हते. वाटी द्यायचे, वाटी घ्यायचे, डब्याचं झाकण लावायचे. ती बोलायला लागली की यांना स्कूटर नो पार्किंगमध्ये लावल्याची आठवण व्हायची.

मार्चच्या शेवटी इस्पितळाची तारीख आली. कुणाल म्हणाला, "पापा, आप भी चलो, आपके सूप का कमाल है." नाही म्हणायला तोंड नव्हतं. राजाभाऊ गेले. बाहेरच्या बाकांवर अमृतसरपासून शिमल्यापर्यंतची माणसं फायली मांडीवर घेऊन बसलेली. ऋताचा नंबर आला तेव्हा तिघंही आत गेले.

डॉक्टर तरुण होते, सज्जन होते, घाईत होते. रिपोर्ट पाहून त्यांचा चेहरा उजळला. "बहुत बढ़िया. गोलियों की कोई ज़रूरत नहीं. बस, अब एक बात सच-सच बताइए, मैं डाँटूँगा नहीं. सर्दियों में कुछ खा रही थीं न? मुझे पता होना चाहिए, नहीं तो मैं इसे कोई और बीमारी समझता रहूँगा."

कुणालनं छताकडं पाहिलं.  ऋतानं एकदा राजाभाऊंकडं पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "जी. खाया था. बेकरी का."

"बस, यही सुनना था," डॉक्टर म्हणाले आणि लिहायला लागले.

 ती खोटं बोलत होती. इतक्या दिवसांत नवऱ्याच्या ओरडण्यानं वाकली नव्हती, पर्स उघडून ठेवली पण हो म्हटलं नव्हतं, आणि आज, सगळं निभावल्यावर, ही न केलेला गुन्हा कबूल करत होती. आता गप्प बसलं की कायमचं मिटत होतं. कुणी कधी विचारणार नव्हतं.

"डॉक्टर साहब," ते म्हणाले, "ये झूठ बोल रही है."

"पापा, अब तो उसने मान लिया," कुणाल वैतागून म्हणाला.

"नहीं खाया इसने. मैंने खिलाया है." राजाभाऊंनी हिंदीतच सांगितलं, एकेक शब्द कुणालला कळावा म्हणून. पाय, काजळी, कणीक, चोळणं, धुणं. रिपोर्टिंगला उभे असल्यासारखे हात बाजूला ताणून त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांचं पेन थांबलं.

"कितना आटा?"

"मुट्ठीभर. धोता था, गरम पानी से."

"धोने से नहीं निकलता, अंकल. फटे-कटे में रह जाता है. उतना बहुत है." डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. ऋताकडं पाहून ते म्हणाले, "आपने मुझसे झूठ क्यों बोला?" ती फाइल आवरायला लागली. मग ते राजाभाऊंना समजुतीनं म्हणाले, "आपको क्या पता था. होता है." आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

बाहेर आल्यावर कुणालही तेच म्हणाला. आपको क्या पता था, पापा. त्याचा चेहरा पडला होता, तो ऋताला काही तरी बोलायला पाहत होता आणि त्याला जमत नव्हतं. "मैं गाड़ी निकालता हूँ," म्हणून तो पुढं निघून गेला.

ऋता आणि राजाभाऊ भिंतीच्या कडेला उभे राहिले. स्ट्रेचर जायला लोक बाजूला होत होते.

"कधी कळलं तुम्हाला, आबा?"

आत्ता, आत बसल्याबसल्या ध्यानात आलं, असं म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. सगळ्यांनी त्यांना आधीच माफ करून टाकलं होतं, फक्त हे एक वाक्य म्हणायचं बाकी होतं. राजाभाऊंनी फरशीकडं पाहिलं.

"तू फोन केलातास कराडला जायचं म्हणून. सांगता सांगता कळलं."

"तेव्हा." तिनं मनाशी हिशेब केला असावा. "म्हणजे मी बरी होत होते, कुणाल माझी पर्स बघत होता, तेव्हा सगळं माहीत होतं तुम्हाला."

"हो."

"रोज येत होता तुम्ही."

"रोज सांगायला यायचो," राजाभाऊ म्हणाले.  "पर लाज वाटली, पोरी. तू मला वाटंल ते बोल."

 ती म्हणाली, "मी आत 'हो' का म्हटलं, ठाऊक आहे? मला वाटलं, माझी चहाडी केली म्हणून तुम्ही मनाला लावून घेतलंय. माझ्याकडं बघेनासे झालात. जेवताना बघत नाही, वाटी देताना बघत नाही. म्हटलं, एकदाचं हो म्हणून टाकावं. आबांचं खरं ठरलं की आबा मोकळे होतील."

 तिनं शिव्या घातल्या असत्या तर राजाभाऊंनी त्या उभ्या उभ्या झेलल्या असत्या. फौजेत तेवढं शिकवतात. यावर काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

"बघा आता," ऋता म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती आणि रागही नव्हता, नुसता दमलेपणा होता. "बघा की माझ्याकडं."

राजाभाऊंनी मान वर केली. तिचे गाल भरले होते, डोळ्यांखालचे काळे डाग गेले होते, लग्नात होती तशी दिसायला लागली होती ती, आणि हे केव्हा झालं ते त्यांना माहीत नव्हतं.